अंड्याचा कस कोंबडीच्या चोचीतून येतो: घरच्या कोंबड्यांची अंडी जास्त पौष्टिक कशी करायची

गावरान का पोल्ट्रीचं, तपकिरी का पांढरं, बलक केशरी का फिक्का, अंड्यावरची आपली सगळी चर्चा एवढ्यातच फिरत राहते आणि मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही, की ते अंडं घालणाऱ्या कोंबडीने मागच्या पंधरा-वीस दिवसांत खाल्लं काय. अंड्याच्या पौष्टिकपणात जो काही फरक पडतो ना, त्यातला बहुतेक सगळा तिथूनच येतो. जात, रंग, गाव-शहर हे सगळं त्याच्यानंतर. हे मी मुख्यतः परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी लिहितोय, पण नुसती विकत घेऊन खाणाऱ्यांनाही उपयोग होईल.

सगळ्यात आधी काय बदलतं आणि काय बदलत नाही ते समजून घ्या, कारण लोकांचे पैसे इथेच वाया जातात. ५० ग्रॅमच्या अंड्यात साधारण सहा-साडेसहा ग्रॅम प्रोटीन असतं, आणि ते पिंजऱ्यातल्या कोंबडीचं असो नाहीतर उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीचं, त्यात फारसा फरक नसतो. कोंबडीला प्रोटीन कमी पडलं तर ती अंडी लहान घालते, कमी घालते, नाहीतर बंदच करते, पण पाणचट प्रोटीनचं अंडं घालत नाही. लोहाचंही तसंच. कॅल्शियमचा तर मोठा गैरसमज आहे. कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं पण आपण खातो त्या आतल्या भागात फक्त २५-३० मिलिग्रॅम, त्यामुळे कोंबडीला कितीही शिंपले घातले तरी कवच घट्ट होईल, खाणाऱ्या पोराच्या हाडांना त्यातून काही जास्त मिळणार नाही. आणि व्हिटॅमिन सी अंड्यात नसतंच, ते लिंबातून-पेरूतून घ्यायचं.

बदलतं ते बलकात. बलकातली चरबी कोणत्या प्रकारची आहे, म्हणजे ओमेगा-३ किती, व्हिटॅमिन ए, डी, ई किती, बी-१२ आणि फोलेट किती, आयोडीन आणि सेलेनियम किती, डोळ्यांना लागणारं ल्युटीन किती, हे सगळं खाद्यावर आणि उन्हावर अवलंबून असतं आणि काही बाबतीत दुप्पट-तिप्पट फरक पडू शकतो. पांढऱ्यातही एक गोष्ट बदलते, बी-२ म्हणजे रायबोफ्लेविन. कच्च्या पांढऱ्याला हलकी हिरवट-पिवळट झाक असते ना, ती त्याचीच, आणि ते अंडं खराब आहे असं समजून टाकून देणारे लोक आहेत म्हणून मुद्दाम सांगतोय.

घोळीची भाजी आणि ग्रीसच्या कोंबड्या

१९८९ मध्ये आर्टेमिस सिमोपोलोस नावाच्या संशोधक बाईंनी ग्रीसमधल्या मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांची अंडी तपासली आणि त्याचं पत्र न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या अंड्यात ओमेगा-६ चरबी ओमेगा-३ च्या १९ पट निघाली, आणि या ग्रीक अंड्यात जेमतेम १.३ पट. त्या कोंबड्या खात काय होत्या तर किडे, गवत, अंजिरं आणि घोळ. हो, तीच आपली घोळीची भाजी, लाल देठाची, मांसल पानाची, जी शेतात तण म्हणून उपटून बांधावर फेकतो. घोळीमध्ये ओमेगा-३ भरपूर असतं, पालेभाज्यांत इतकं क्वचितच कशात सापडतं, आणि कोंबडीला ती आवडतेही. म्हणजे खुरपणीत निघालेली घोळ फेकून देणं हे मला तरी नुकसान वाटतं, घरी आणून खुराड्यात टाका आणि बघा किती वेळ टिकते ते.

कोंबडी पानातलं ओमेगा-३ घेते आणि त्यातला काही भाग स्वतःच्या शरीरात डीएचएमध्ये बदलून बलकात ठेवते. डीएचए म्हणजे मेंदूला लागणारा प्रकार, जो एरवी माशातून मिळतो. कोकणात मासे खाणाऱ्या घराला याचं एवढं अप्रूप नाही, पण मराठवाड्यात-विदर्भात जिथे आठवड्यातून एकदाही मासे होत नाहीत तिथे अंडं हाच त्याचा सोपा मार्ग आहे, म्हणून हे महत्त्वाचं.

नंतर २०१० मध्ये अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातही तुलना झाली, हिरव्या कुरणावर चरणाऱ्या आणि पिंजऱ्यात बाजारचं खाद्य खाणाऱ्या कोंबड्यांची. चरणाऱ्यांच्या अंड्यात व्हिटॅमिन ई दुप्पट आणि ओमेगा-३ दुपटीहून जास्त निघालं. हे चांगलंच आहे पण एक गोष्ट नीट वाचा, त्या कोंबड्या हिरव्या कुरणावर होत्या. नुसतं मोकळं सोडलं आणि अंगणात एप्रिलची धूळ आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या असतील तर त्यातून काही मिळत नाही.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलतो, ज्वारीच्या कण्या, शिळी भाकरी आणि तांदळाच्या चुऱ्यावर काढलेली गावरान कोंबडी उन्हाळ्यात जे अंडं घालते त्याच्यापेक्षा पोल्ट्रीतलं पांढरं अंडं व्हिटॅमिनच्या बाबतीत सरस असू शकतं. कारण पोल्ट्रीच्या लेअर म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात व्हिटॅमिन ए, डी-३, ई, बी-१२, मिनरल सगळं मोजून घातलेलं असतं. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत पोरांना जी साधी पांढरी अंडी मिळतात त्यांना कुणी कमी लेखू नये, ती उत्तम अंडी आहेत. गावरान अंडं चांगलं होतं ते कोंबडीला किडे, पाला, दाणा, ऊन हे चारही मिळतं तेव्हा.

बलकाचा रंग किती मनावर घ्यायचा

रंग येतो झॅंथोफिल नावाच्या रंगद्रव्यांतून. पिवळ्या मक्यात ती असतात, हिरव्या पाल्यात असतात, झेंडूत तर खूपच असतात. पांढरी ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू यांत जवळजवळ नसतात, त्यामुळे बाजरीवर ठेवलेल्या कोंबडीचा बलक फिक्का येतो, त्यात आजार वगैरे काही नाही. आता यातलं ल्युटीन आणि झिअॅझॅन्थिन डोळ्यांना खरंच चांगलं, पण गडद रंग म्हणजे व्हिटॅमिन ए जास्त असं समीकरण नाही, कारण ही रंगद्रव्यं शरीरात व्हिटॅमिन ए मध्ये बदलत नाहीत. खाद्यात लाल मिरचीचा अर्क घातला तरी बलक केशरी होतो, पौष्टिकपणा होता तिथेच. पोल्ट्रीवाले रंगाच्या पंख्यासारख्या पट्ट्या धरून बलक मोजतात आणि गिऱ्हाइकाला हवा तो रंग आणून देतात, तेव्हा विकत घेताना नुसत्या रंगावर जास्त पैसे देऊ नका.

घरच्या कोंबडीसाठी मात्र रंग हा चांगला इशारा आहे. तुम्हाला माहिती असतं तुम्ही काय घातलंय. पाला नेहमीसारखा देताय आणि तरी बलक एकदम फिका पडायला लागला तर पोटात काहीतरी बिघडलंय, जंत झालेत नाहीतर रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिओसिस लागलाय किंवा खाद्याला बुरशी आहे, कारण या तिन्हीत आतड्याला किंवा लिव्हरला मार बसतो आणि रंगद्रव्यं अंगात शोषलीच जात नाहीत, आणि त्यांच्यासोबत व्हिटॅमिन ए-ई पण जातात. तेव्हा रंग परत आणायला झेंडू शोधायच्या आधी विष्ठा तपासून घ्या.

फरक दिसायला किती दिवस लागतात हे विचारतात सगळे. एक बलक अंडं पडण्याच्या आधीच्या साधारण सात ते दहा दिवसांत भरतो, त्यामुळे पाला सुरू केल्यावर तीन-चार दिवसांत रंग हलायला लागतो आणि दहा-बारा दिवसांत बसतो. ओमेगा-३ चा फरक नीट यायला दोन-तीन आठवडे धरा. म्हणजे एक दिवस घोळ टाकून उपयोग नाही, रोजचं पाहिजे.

वर्षभर हिरवं कुठून आणायचं

पावसाळ्यात प्रश्नच नाही, गवत, गांडुळं, नाकतोडे, सगळं फुकट आहे, फक्त पीक वाचवायचं. दिवाळीनंतर रानात सांडलेला दाणा असतो. खरी अडचण फेब्रुवारी ते मे. त्यासाठी आपल्याकडे तीन गोष्टी चांगल्या चालतात.

पहिला लसूणघास. ज्याच्याकडे जनावरं आहेत त्याच्याकडे असतोच, एक जुडी बारीक कापून द्या, किंवा दोरीने बांधून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगा म्हणजे तुडवून वाया जात नाही. दुसरा शेवगा. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरा करून डब्यात भरून ठेवा, खाद्यात शंभराला पाच या प्रमाणात मिसळा, उन्हात वाळवला तर कॅरोटीन उडून जातं म्हणून सावलीत. सुबाभळीचा पाला लोक देतात, रंगही चांगला येतो, पण त्यात मिमोसिन नावाचं घातक द्रव्य असतं, ते जास्त झालं तर वाढ आणि अंडी दोन्ही खालावतात, त्यामुळे शेवगा असताना सुबाभळीच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

तिसरा अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणारी बारीक हिरवी वनस्पती. सहा बाय चार फुटाचा उथळ खड्डा, त्यात जाड प्लास्टिक कागद, वर चाळलेली माती, थोडं शेण कालवून, चार-पाच इंच पाणी आणि थोडं सुपर फॉस्फेट, वर झाडाची नाहीतर शेडनेटची सावली. बियाणं कृषी विज्ञान केंद्रात किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडे मूठभर मागितलं तरी पुरतं. दोन आठवड्यांत खड्डा भरतो, मग रोज अर्धा किलोपर्यंत काढता येतो. शेणाचा वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्यात दोनदा धुवून द्यायचा. वाळलेल्या अझोल्यात वीस-पंचवीस टक्के प्रोटीन असतं असं वाचून काही लोक दाणाच बंद करतात, तसं करू नका, ओल्या अझोल्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, कोंबडीचं पोट त्याने भरून जातं आणि अंगाला काही लागत नाही. तो दाण्याच्या सोबत द्यायचा.

दसरा-दिवाळीला घरच्या झाडांचा झेंडू उरला तर पाकळ्या वाळवून ठेवा, उन्हाळ्यात मूठ-मूठ खाद्यात घाला. बाजारातला हाराचा झेंडू नको, त्यावर फवारणी झालेली असते.

दाणा कसा बनवायचा

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीलाही दाणा लागतोच. गिरिराज, वनराज, ब्लॅक अॅस्ट्रॉलॉर्प यांसारख्या सुधारित कोंबड्या असतील तर जास्तच, कारण अस्सल गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते आणि या दीडशेच्या आसपास, मग तेवढं येणार कुठून. अंड्यावरची कोंबडी दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाते, बाहेर चांगलं चरायला मिळत असेल तर निम्मं बाहेर आणि निम्मं तुम्ही द्यायचं, सकाळी थोडं आणि संध्याकाळी जास्त.

दहा किलोचा अंदाज असा धरा: मक्याचा भरडा साडेपाच किलो, सोयाबीनची पेंड म्हणजे ज्याला डीओसी म्हणतात ती दोन किलो दोनशे ग्रॅम, तांदळाचा कोंडा सातशे ग्रॅम, भाजलेलं जवस अर्धा किलो, शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीची खडी नऊशे ग्रॅम, आणि उरलेल्या दोनशे ग्रॅममध्ये मिनरल मिक्श्चर, डीसीपी म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, तीस ग्रॅम मीठ आणि लेअरचं व्हिटॅमिन प्रीमिक्स पाकिटावर लिहिलंय तेवढं. यात साधारण सोळा टक्के प्रोटीन आणि साडेतीन टक्क्यांच्या जवळ कॅल्शियम बसतं. प्रीमिक्स आणि मिनरलला काटकसर करू नका, आयोडीन, सेलेनियम, बी-१२, व्हिटॅमिन ई अंड्यात जाणार ते तिथूनच, आणि दहा किलोला त्याचा खर्च अगदी किरकोळ आहे. आयोडीनचं मीठ वापरा, खडे मीठ नको. लहान पिल्लांना आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना मात्र हे खाद्य देऊ नका, एवढं कॅल्शियम त्यांच्या किडनीला झेपत नाही.

जवसाबद्दल थोडं जास्त सांगतो कारण घरगुती पातळीवर ओमेगा-३ वाढवायचा हा सगळ्यात खात्रीचा उपाय. विदर्भात आणि मराठवाड्यात जवस अजून मिळतं. कच्च्या जवसात काही घातक द्रव्यं असतात म्हणून मंद आचेवर भाजून, जाडसर भरडून, आठ दिवसांपुरतंच करून ठेवायचं, कारण भरडलेलं जवस लवकर खवट होतं आणि खवट चरबी कोंबडीचं व्हिटॅमिन ई खाऊन टाकते. शंभराला पाचने सुरुवात करा, दहाच्या वर जाऊच नका, अंड्याला माशासारखा वास यायला लागतो आणि कोंबड्या खाद्य टाकतात. कोकणात सुकट, जवळ्याचा भुगा देतात, तोही उत्तम, डीएचए आयतं मिळतं आणि बी-१२ पण, पण त्याचाही वास अंड्यात उतरतो म्हणून शंभराला चार-पाचच्या पुढे नको.

आता काय घालू नये, हे जास्त कामाचं आहे कारण घरात जे असतं ते लोक घालतात.

कच्चं सोयाबीन नको. लातूर-वाशीमकडे घरात पोती असतात म्हणून सरळ टाकतात, पण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारं द्रव्य असतं, कोंबडी खाते आणि वाळत जाते. नीट भाजून मग भरडून द्या, नाहीतर डीओसी आणा.

सरकी पेंड नको. गाईम्हशींना चालते म्हणून कोंबडीला चालेल असं नाही. सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्यामुळे अंडं ठेवल्यावर बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि त्यातल्या एका चरबीमुळे पांढरा भाग चक्क गुलाबी होतो. खायचं सोडा, फोडल्यावर बघवत नाही.

मोहरीची पेंड तपकिरी अंड्यांच्या काही जातींना दिली की अंड्याला कुजक्या माशाचा वास येतो, कारण त्या कोंबड्यांत एक एन्झाइम जन्मतः कमी काम करतं. पांढऱ्या अंड्याच्या कोंबडीत हा त्रास दिसत नाही. वास येतोय आणि कारण सापडत नाहीये असं असेल तर पेंड आधी तपासा.

आणि बुरशी. पावसाळ्यात मका आणि शेंगदाणा पेंड या दोन्हींवर जी हिरवट-काळी बुरशी येते त्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. कोंबडीचं लिव्हर जातं, अंडी घटतात, बलक फिक्के होतात, आणि त्या विषाचा थोडा अंश अंड्यातही येतो. खराब झालेलं धान्य कोंबडीला टाकायचं ही आपली सवय मोडायला पाहिजे, जे आपण खाणार नाही ते अंड्यातून आपल्याच पोरांच्या पोटात कशाला. मका चांगला कडकडीत वाळवून, दाताखाली टचकन फुटेल असा झाल्यावरच भरा, पोती जमिनीवर नाही तर फळीवर, भिंतीपासून लांब. पेरणीतून उरलेलं रंगीत बियाणं तर अजिबात नाही, त्याला औषध चोळलेलं असतं.

ऊन आणि उन्हाळा

व्हिटॅमिन डी चं गणित आपल्यासारखंच आहे, कोंबडीच्या कातडीत ते उन्हात तयार होतं, आणि पिसं नसलेल्या पायांच्या कातडीत जास्त. जर्मनीत २०१४ साली एक अभ्यास छापून आला, त्यात बाहेर उन्हात फिरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यात आत ठेवलेल्यांपेक्षा तीन ते चार पट व्हिटॅमिन डी निघालं. आपल्याकडे उन्हाची कमतरता नाही पण लोक कोंबड्या दिवसभर डालग्याखाली किंवा पत्र्याच्या शेडात ठेवतात, कुत्र्या-मुंगसाच्या भीतीने. निदान सकाळी आणि चारनंतर दोन-दोन तास जाळीच्या आत का होईना, उन्हात सोडा. आणि मोकळ्या उघड्या जागेत कोंबडी जात नाही, तिला घारीची भीती असते, म्हणून मध्येमध्ये झुडपं, तुरीच्या काड्यांचे आडोसे, शेवग्याची झाडं पाहिजेत, तरच ती लांबवर फिरते.

उन्हाळा मात्र वेगळा विषय. तापमान ३२-३३ च्या वर गेलं की कोंबडी धापा टाकते, खाद्य कमी करते, आणि खाद्य कमी झालं की अंड्यात जायचं ते सगळंच कमी होतं. धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवच पातळ होतं, अशा वेळी नुसते शिंपले वाढवून भागत नाही. पहाटे पाच-साडेपाचला आणि दिवस मावळताना दाणा द्या, दुपारी देऊच नका. माठाचं गार पाणी दिवसातून तीनदा बदला, पत्र्यावर उसाचं पाचट किंवा गवत टाकून पाणी मारा. शिंपले संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा कारण कवच रात्रभर बनत असतं, कवचाला वीसएक तास लागतात, आणि कोंबडीला किती पाहिजे ते तिला बरोबर कळतं.

अंड्यात काय जायला नको

पौष्टिकपणा म्हणजे नुसतं काय आहे एवढंच नाही, काय नाही हेही आलं. मोकळी कोंबडी माती खाते, आणि मातीत जे असेल ते अंड्यात येतं. २०२२ मध्ये सिडनीतल्या घरगुती कोंबड्यांची अंडी तपासली तर दुकानातल्या अंड्यांपेक्षा सरासरी चाळीसपट शिसं निघालं, जुन्या रंगाचे पापुद्रे आणि जुन्या पेट्रोलच्या धुराचं मातीत साठलेलं शिसं. आपल्याकडे गॅरेजच्या मागे, हायवेच्या कडेला, जुन्या बॅटऱ्या फोडतात तिथे, रंग खरवडलेल्या भिंतीखाली कोंबड्या फिरू देऊ नका. घराजवळ प्लास्टिक जाळू नका, त्यातून डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते राखेत-मातीत बसतं आणि कोंबडीच्या चरबीतून बलकात साठतं. अंगाला राख घोळायला खड्डा करून द्यायचा तर तो फक्त लाकडाच्या चुलीच्या राखेचा.

उवा-गोचिडीला शेतातलं कीटकनाशक फवारणारे खूप आहेत. २०१७ मध्ये युरोपात नेदरलँड, बेल्जियमला लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली ती याच कारणाने, खुराड्यातल्या गोचिडीसाठी फिप्रोनिल वापरलं होतं आणि ते अंड्यात सापडलं. तेव्हा पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय काही फवारू नका, शेजारच्या शेतात फवारणी असेल त्या दिवशी कोंबड्या बंद ठेवा. अँटिबायोटिक आणि जंताचं औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत हे डॉक्टरला विचारा आणि तेवढे दिवस खरंच खाऊ नका, विकू तर नकाच. कोलिस्टिन हे औषध तर २०१९ पासून आपल्या देशात खाण्याच्या जनावरा-पक्ष्यांना द्यायला बंदीच आहे. मानमोडीची लस वेळेवर टोचा, तो आजार आणि आयबी नावाचा श्वासाचा आजार होऊन गेला की कोंबडी जगली तरी पांढरा भाग पाण्यासारखा आणि कवच वेडंवाकडं येतं.

जात, वय आणि कवचाचा रंग

यावर थोडक्यात. कवचाचा रंग जातीवर ठरतो, आतल्या मालाशी संबंध नाही. तपकिरी अंड्याच्या संकरित कोंबड्याही पिंजऱ्यात ठेवतात, आणि पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून विकल्याच्या बातम्याही येऊन गेल्यात. कडकनाथचं अंडंही काळं नसतं, फिक्कट तपकिरी असतं, बलक नेहमीसारखाच. गावठी अंडं लहान असलं तरी त्यात बलकाचा वाटा जास्त असतो, हा एक खरा फायदा, कारण चरबीत विरघळणारी सगळी व्हिटॅमिनं बलकातच असतात. पण नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगेच्या अंड्यात बलक कमी असतो. कोंबडी म्हातारी होते तसं अंडं मोठं, बलक मोठा, कवच पातळ.

गोळा करणं, ठेवणं, शिजवणं

इतकं करून अंडं घातलं आणि मग मे महिन्यात चार दिवस टोपलीत ठेवलं तर काय उपयोग. उष्णतेत कवचाच्या छिद्रांतून पाणी आणि वायू निघून जातो, पांढरा भाग पातळ होतो, बलकाभोवतीचा पातळ पापुद्रा ढिला पडतो. प्रोटीन काही उडून जात नाही पण ताजेपणा जातो आणि जंतू आत शिरायला सोपं होतं. बाहेरचा एक दिवस हा फ्रीजमधल्या आठवड्याइतका अंडं जुनं करतो. दिवसातून दोनदा अंडी उचला, उन्हाळ्यात तीनदा, निमुळतं टोक खाली करून ठेवा.

कोंबडा असेल तर फळलेल्या अंड्यात पौष्टिकपणा जास्त असतो असं काही नाही, उलट तापमान २७ अंशांच्या वर गेलं की त्यात जीव धरायला लागतो आणि विदर्भातल्या उन्हात दोन-तीन दिवसांत रक्ताची रेघ दिसते. खायची अंडी हवीत त्या कोंबड्यांपासून उन्हाळ्यात कोंबडा वेगळा ठेवा, आणि खुडूक कोंबडी अंड्यांवरून लगेच उठवा. अंडी धुवून ठेवायची नाहीत, कवचावर एक नैसर्गिक थर असतो तो जातो, घाण असेल तर कोरड्या कापडाने पुसा, धुवायचीच तर शिजवायच्या आधी. पाण्यात टाकून तरंगतंय का बघणं हे जुनं-ताजं कळायला ठीक आहे, पण बुडालं म्हणजे जंतू नाहीत असा त्याचा अर्थ नाही.

कच्चं अंडं दुधात घालून पिणाऱ्या पैलवान मंडळींसाठी, १९९८ मध्ये बेल्जियममध्ये मोजलं तेव्हा शिजवलेल्या अंड्याचं ९१ टक्के प्रोटीन पचलं आणि कच्च्याचं फक्त ५१ टक्के. शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं अॅव्हिडिन नावाचं प्रोटीन बायोटिन हे व्हिटॅमिन बांधून ठेवतं आणि साल्मोनेला जंतूंचा धोका वेगळाच. शिजवा, पण रबर होईपर्यंत नको. उकळी आल्यावर नऊ-दहा मिनिटं भरपूर झाली, त्याहून जास्त ठेवलं की बलकाभोवती हिरवट कडा येते, ती लोह आणि गंधकाची, विषारी नाही पण अंडं जास्त शिजल्याची खूण आहे. उकडल्यावर किंवा साधं पोळून घेतल्यावर व्हिटॅमिन डी बहुतेक टिकतं, ओव्हनमध्ये चाळीस मिनिटं भाजलं तर निम्म्याहून जास्त जातं. आणि बलक काढून टाकून नुसतं पांढरं खायचं असेल तर डॉक्टरने तसं सांगितलं असलं पाहिजे, नाहीतर घोळ, जवस, शेवगा, ऊन सगळं ज्याच्यात साठवलं तोच भाग कुत्र्याला जातोय.